घसरड्या रस्त्याचं बटण

३ जुलै, गुरुवार

गाडी आज पुन्हा रस्ता सोडून खाली गेली. लोह्याच्या अलीकडच्या वळणावर. डावी चाकं चरात, आम्ही दोघं तिरपे, हे निम्मे माझ्या अंगावर आणि मागं युरियाची पोती सगळी एका अंगाला. लागलं कुणाला नाही. एका ट्रॅक्टरवाल्यानं साखळी लावून ओढून काढलं. जाताना त्यानं यांना विचारलं, "अप्पा, एवढा रुंद रस्ता हाय, कडंला कामून गेलात?" हे म्हणाले, "म्या कुठं गेलो? गाडीच गेली."

गाडी पाडव्याला घेतली. पवनचक्कीच्या एका कंपनीनं वापरून विकायला काढलेली पिकअप. चारी चाकांना जोर आहे, गिअर आपोआप पडतात, आणि गिअरच्या दांड्याजवळ एक गोल बटण आहे, त्यावर चार चित्रं. जसा रस्ता तसं बटण फिरवायचं म्हणे. जुन्या पिकअपला असलं काही नव्हतं आणि ती उभ्या जन्मात कधी चरात उतरली नाही. म्हणजे दोष या बटणाचा, नाहीतर ते आम्हाला कळत नाही याचा.

ट्रॅक्टरवाल्यानं फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत पुण्याला राजशेखरपर्यंत गेला. पोरगा आमचा शांत आहे, पण आज फोनवर आवाज चढला होता. "आई, आता आणखी एकदा असं झालं की मी गाडी विकणार. दुकानही आवरा आणि दोघं इकडं या." हे शेजारीच बसलेले, सगळं ऐकू आलं. जेवले नाहीत. दुकानाच्या गादीवर यांचा जीव रमत नाही. खत, बियाणं, औषध गाडीत घालून गावोगाव जायचं, बांधावर उभं राहून पीक बघायचं, सोयाबीन पिवळी का पडली यावर वाद घालायचा, यातच यांचं आयुष्य गेलं. अहमदपुरात कृषी सेवा केंद्रं काय कमी आहेत? गिऱ्हाईक आमच्याकडे येतं ते हे माल बांधावर नेऊन देतात म्हणून. "गाडी गेली की म्या खलास," एवढंच म्हणाले आणि आडवे झाले.

पुण्यात राजशेखरच्या फ्लॅटमध्ये हे मागं आठवडाभर राहिले होते. रोज सकाळी गॅलरीत उभं राहून खालच्या गाड्या बघायचे. मला ते आठवलं.

बियाणे कंपनीनं दिलेली ही डायरी कोरी पडली होती. हे बटण समजून घ्यायचं असं मी ठरवलंय. कळेल ते इथं लिहीन, कारण डोक्यात काही राहत नाही आजकाल.

५ जुलै, शनिवार

दुपारी गिऱ्हाईक नसतं. गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक काढून बसले. बी.ए. झालेय, पण या इंग्रजीपुढं त्या बी.ए.चा काही उपयोग नाही. मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ लावला, तो डोंगरात गाडी घालून ओरडत होता. अर्धा तास बघून एवढं कळलं:

पहिलं चित्र साध्या रस्त्याचं. दुसरं बर्फाच्या कणाचं आणि गवताचं. तिसरं चिखलाचं. चौथं वाळूचं.

यांना सांगितलं तर म्हणाले, "एवढं मला कळतंय की. वाळू आपल्याला न्हाई, बर्फ आपल्या बापजाद्यानं बघितला न्हाई. राहिला चिखल. पाऊस लागला की म्या चिखलावर घालून ठेवतो, दिवाळीला काढतो." खरंच तसंच करतात. बटण फिरवताना बघतही नाहीत. डावीकडं पार टोकाला नेतात आणि टक, टक, टक मोजत तिसऱ्यावर आणतात. मी म्हटलं, अहो चित्रं दिलीत ना बघायला. म्हणाले, "चित्रं बघत बसलो तर रस्ता कोण बघायचा?"

ते पटलं मला.

९ जुलै, बुधवार

आज आमचं जुनं गिऱ्हाईक, वाडीचा शेषेराव, त्याच्या शेतापर्यंत गेलो. डांबरी संपली की पुढं काळ्या रानातली पाणंद. बटण तिसऱ्या चित्रावर होतंच. गाडी घुरघुर करत, चिखल उडवत, पण गेली. यांना केवढा आनंद. "बघ, म्या काय सांगून राहिलो होतो?" परत येताना मात्र टायरच्या सगळ्या नक्षीत काळी माती गच्च बसली, टायर नुसता गोटा झाला. मी उतरून काठीनं खरवडली. चोपन्नाव्या वर्षी हे काम. कंबर अजून दुखतेय.

जूनपासून मला रोज सोबत नेतात हे लिहायचं राहिलं. आधी कधी नेलं नव्हतं. माझी जागा गल्ल्यावर. लग्नानंतर एकदा नांदेडला गुरुद्वारा बघायला नेलं होतं, तेवढंच. आता रोज सकाळी, "उमा, चल, बैस." गल्ल्यावर भाच्याला बसवलंय. आणि गाडीत यांचा एक खेळ सुरू असतो. "समोरून कोण येतंय ओळख बघू." मी म्हणते, लाल ट्रॅक्टर, कडबा भरलेला. "किती लांब हाय?" मी म्हणते, त्या बाभळीजवळ. मग हे म्हणतात, "बरोबर." म्हातारपणी माणूस असं पोरासारखं होतं म्हणतात, त्यातलाच प्रकार. मला काही वाईट वाटत नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटतं.

आज एक गंमत. शेषेरावच्या बांधाला गाडी थांबवून हे काच खाली करून ओरडले, "काय शेषेराव, उगवण कशी काय?" ते होतं बुजगावणं. मी हसून हसून बेजार. हेही हसले, पण थोडंच.

शेषेरावनं एक मात्र बरं केलं. तणनाशकाचा डबा हातात घेऊन वाचला आणि म्हणाला, "अप्पा, हे कापसाचं हाय. म्या सोयाबीन पेरलोय." फवारलं असतं तर रान करपून गेलं असतं. हे कंपनीवर चिडले, सगळ्या डब्यांना एकच रंग देतात मेले. उद्यापासून डबे मीच काढून देणार.

१२ जुलै, शनिवार

पाऊस. गेलो नाही कुठं. अंग ठणकतंय. उदगीरला माहेरी आमची अव्वा, म्हणजे आई, पार्वतम्मा, दमली की कन्नडमध्ये नुसतं "साकु" म्हणायची, म्हणजे पुरे. मला आज दिवसभर तेवढंच म्हणावंसं वाटलं.

यांची पूजा अलीकडे लांबत चाललीय. पूर्वी कसं, अंघोळ, विभूती, इष्टलिंग तळहातावर घेऊन डोळा लावून थोडा वेळ बसायचं आणि उठायचं, की दुकान. आता तळहात पार नाकाजवळ घेतात. बराच वेळ तसेच. आज बघितलं तर डोळ्यांतून पाणी येत होतं. वयानुसार भक्ती वाढते ती अशी. मला थोडी लाज वाटली, मी आपली पूजा करता करता दूध उतू जाईल का बघत असते.

१५ जुलै, मंगळवार

गाडी घेऊन लातूरला गेलो. तिथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये वैजनाथ म्हणून मेकॅनिक आहे. तोंडानं फटकळ, पण शिकवण्याची हौस असलेला. मी म्हटलं, बाबा, आम्हाला हे बटण समजावून सांग. हे लगेच म्हणाले, "तिलाच दाखव, ती शिकून राहिली," आणि चहाला गेले.

वैजनाथनं आधी विचारलं, "काकू, गाडी गेली कुठं? डांबरीवरून का पाणंदीतून?"

दोन्ही वेळा डांबरीवरून, बटण चिखलावर होतं, मी म्हटलं.

"मग चिखलाचं बटण कामून लावलात डांबरीवर?" असं म्हणून त्यानं कपाळावर हात मारला. मग सेंटरच्या मागं रिकाम्या प्लॉटवर नेलं, तिथं निम्म्यात खोल चिखल आणि निम्म्यात काँक्रिटवर नुसता राड्याचा थर. मला शेजारी बसवून दोन्हीकडं फिरवलं. मला कळलं ते असं.

चिखलाच्या बटणावर गाडी चाकं थोडी फिरू देते. फिरली तरच वरचा राडा उडवून खालची घट्ट जमीन सापडते. एखादं चाक नुसतंच गरगरायला लागलं तर त्याला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाला जोर देते. खोल चिखलात हे पाहिजेच. पण ट्रॅक्टरनं रानातली माती डांबरीवर आणून टाकली आणि त्यावर भुरभूर पाऊस पडला की वर साबणासारखा पातळ थर आणि खाली घट्ट डांबर. तिथं चाक जरा जास्त फिरलं की गाडीचं शेपूट वळतं. तिथं ते बर्फाच्या कणाचं बटण.

"पण आपल्याकडं बर्फ कुठं?" मी म्हटलं.

"काकू, गाडीला काय कळतंय बर्फ का राडा? निसरडं आहे एवढंच कळतंय. त्या बटणावर पाय कितीबी दाबा, गाडी दमानंच जोर देती, चाक फिरू देत न्हाई. आख्खा मराठवाडा हे बटण सोडून देतो, बर्फाचं हाय म्हणून."

मग दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, बटण चालायला मदत करतं, थांबायला नाही. ब्रेक मारल्यावर गाडी धरायची ती टायरनंच, म्हणून टायरची माती काढायची आणि आधीपासून हळू चालायचं. दुसरं, चाक घसरलं की समोर एक पिवळा दिवा लुकलुकतो, घसरत्या गाडीचं चित्र असलेला. तो लुकलुकला म्हणजे गाडी स्वतःला सावरतेय, आपण पाय उचलायचा.

निघताना त्यानं विचारलं, "चालवतं कोण?"

"हे चालवतात."

"मग शिकून तुम्ही का राहिलात?"

मी हसून सोडून दिलं. पुरुषांना कुणाकडून शिकायला आवडत नाही, त्यात लहान पोराकडून तर नाहीच. पण डांबरीवर दोन्ही वेळा चूक बटण होतं हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. राजशेखरला फोन करून सगळं सांगितलं. "बघू," म्हणाला.

१९ जुलै, शनिवार

आता असं ठरलंय की स्टिअरिंग यांचं आणि बटण माझं. डांबरीवर राडा दिसला की मी "बर्फ" म्हणते आणि फिरवते, पाणंद लागली की "चिखल". पाऊस असून चार गावं झाली, गाडी कुठं हलली नाही. हे म्हणाले, "उमा, तू असताना मला काळजी न्हाई." असं वाक्य यांनी मला कधी म्हटल्याचं आठवत नाही. घरी येऊन मी उगीचच शिरा केला.

संध्याकाळच्या आत घरी आलंच पाहिजे असाही यांचा आता नियम आहे. पूर्वी कंदील लागून जेवणवेळ टळली तरी पत्ता नसायचा. पेपरसुद्धा माझ्याकडून वाचून घेतात, डोळे मिटून ऐकतात. अंजूला, सुनेला, फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, मज्जा आहे तुमची."

२४ जुलै, गुरुवार

दमले. लिहायला काही नाही.

२८ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. उपास. सकाळी गेलोच नसतो तर बरं झालं असतं, पण शेषेरावला औषध हवं होतं.

वाडीच्या अलीकडे डांबरीवर राडा होता. मी बर्फाचं बटण आधीच लावलं होतं. गाडी हळू, सरळ, रस्त्याच्या बरोबर मधोमध. वर पाऊस नुसता भुरभुरत होता. मी समोरच्या दिव्यांकडे बघत होते, पिवळा दिवा लागतो का म्हणून. लागला नाही. मग सहज मान वर केली. रस्त्याच्या कडेला, डांबरीवरच, शेषेरावची आई धोंडाबाई पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन शेळ्या सांभाळत बसली होती. समोर दिसत होती. मी काहीच बोलले नाही, कारण दिसत होती.

हे तिच्याकडेच चालले होते.

वळत नव्हते, हळू करत नव्हते, हॉर्न नाही. शेळ्या उठून पळाल्या तेव्हा मी किंचाळले. यांनी ब्रेक मारला. गाडी पायाखाली थरथर करत, पण सरळ, जराही न वाकता थांबली. धोंडाबाई आणि बंपर यांच्यात एक माणूस जेमतेम उभा राहिला असता.

मी उतरले. धोंडाबाईला उठवलं. म्हातारी खमकी, रडली नाही. काचेजवळ आली आणि यांना म्हणाली, "अप्पा, म्या दिसले न्हाई का तुमाला?"

"घसरली गाडी, धोंडाबाई. राडा हाय ना."

तिनं रस्त्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि शेळ्यांच्या मागं गेली.

गाडी घसरली नव्हती. बटण बरोबर होतं, टायर मी सकाळीच खरवडले होते, दिवा लुकलुकला नव्हता. चाकं जागची इकडं तिकडं झाली नाहीत. इतके दिवस जे शिकले त्यातलं सगळं नीट होतं. गाडीनं तेच केलं जे तिला सांगितलं गेलं.

परत येताना यांचा खेळ नव्हता. मीच एकेक सांगत गेले, डावीकडं सायकलवाला, पुढं पूल, पुलावर म्हशी. हे ऐकत गाडी चालवत होते. रात्री उपास सोडायचंही भान मला राहिलं नाही.

२९ जुलै, मंगळवार

दुपारी दुकानात दोघंच होतो. शटर अर्धं ओढलं आणि यांच्यासमोर बसले.

"अहो, तुम्हाला दिसत नाही ना?"

हे गादीच्या कडेचा धागा ओढत बसले.

"कधीपासून?"

"चैत्रापासून. मधी असं, काच धुतली न्हाई तसं दिसतंय. कडंचं दिसतंय. मधलं न्हाई."

म्हणजे गाडी घेतली तेव्हाच. बुजगावणं, कापसाचा डबा, टक टक टक, नाकाजवळचा तळहात. मी भक्ती म्हणत होते. काल दिवसभर मी हे सगळं एकेक करून आठवत होते आणि प्रत्येक आठवणीला माझंच हसू येत होतं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

"मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर गाडी काढू दिली असतीस?"

"नसती दिली. धोंडाबाई मेली असती काल."

"ठाऊक हाय," म्हणाले. "राती झोपलो न्हाई म्या."

मग मला जे विचारायचं नव्हतं तेच तोंडातून निघालं. "म्हणून मला रोज शेजारी बसवत होता होय?"

यांनी मान खाली घातली.

गाडीला दोन आरसे असतात. मी तिसरा. एवढंच होतं ते. शिरा केला होता मी.

१ ऑगस्ट, शुक्रवार

एसटीनं लातूरला, डोळ्याच्या दवाखान्यात. शुगरनं आतला पडदा खराब केलाय. इंजेक्शनं घ्यावी लागतील, डोळ्यातच. पहिलं आजच दिलं. आहे ते टिकेल, कदाचित थोडं सुधारेल, गेलेलं सगळं परत येईल असं नाही. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, पण एक वाक्य त्यांनी यांना दोनदा म्हणायला लावलं. "मी गाडी चालवणार नाही." शाळेतल्या पोरासारखं यांनी ते म्हटलं.

येताना बसमध्ये डोळ्यावर पट्टी, खिडकीशी बसले होते. कोणतं गाव आलं, त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला राग आहे अजून. आजारी माणसावर राग धरू नये हे कळतं मला, पण आहे.

राजशेखरचा फोन. "आई, आता तरी गाडी काढून टाकायची ना?" त्याचं चूक काहीच नव्हतं. मी म्हटलं, विकायची नाही. "मग चालवणार कोण?" मी म्हटलं, मी. मला स्वतःलाच नवल वाटलं. धडाडी वगैरे काही नाही माझ्यात. स्कूटी चालवते ती पण बाजारापुरती. पण बटण कुठं फिरवायचं हे या घरात फक्त मला कळतं, आणि पुण्याच्या गॅलरीत मला यांना उभं करायचं नाही. राग आहे म्हणून काय झालं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

शिकाऊ लायसन निघालं. इथल्या मोटार स्कूलची छोटी गाडी सकाळी, आणि संध्याकाळी धान्याच्या मोंढ्याच्या मागच्या मैदानात आपली पिकअप. स्कूलचा मास्तर म्हणाला, "काकू, शिकाऊ लायसन हाय तवर शेजारी पक्क्या लायसनवाला माणूस पाहिजे, कायदा हाय." मी म्हटलं, आमच्या घरी एकच आहे. यांचं लायसन अजून चालू आहे. कागदोपत्री हे उत्तम ड्रायव्हर आहेत. राजशेखरला हे सांगितलं तेव्हा तो महिन्यात पहिल्यांदा हसला.

तर आता हे डावीकडं बसतात आणि मी उजवीकडं. कायद्यानं.

१७ ऑगस्ट, रविवार

पाऊस थांबायचं नाव नाही. शेतं तळी झालीत. आज पहिल्यांदा डांबरीवर राड्यातून नेली, वाडीपर्यंत, आणि परत. हात इतके आवळून धरले होते की घरी आल्यावर बोटं उघडेनात.

यांचं एक बघितलं. यांना दिसत नाही, पण गाडीच्या बुडातून कळतं. मी बर्फावर ठेवली होती, हे म्हणाले, "चिखलावर घे. आवाज बघ, खालून पचपच येऊन राहिला, थर जाड झालाय." मी म्हटलं, मला समोर डांबर दिसतंय. तेवढ्यात गाडीचा जोर गेला आणि जागच्या जागी थबकली. बर्फाच्या बटणावर चाक फिरतच नव्हतं आणि न फिरता निघत नव्हतं. चिखलावर घेतली तर निघाली. यांनी "बघ, सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. पूर्वी म्हटले असते. पुढच्या वळणावर मात्र हे सांगत होते चिखल, आणि मी ऐकलं नाही, साध्यावर घेतली, आणि मीच बरोबर होते. तेव्हा भांडलो. आवाज चढवून भांडलो, काचा बंद होत्या म्हणून बरं.

भांडण झाल्यावर बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत आम्ही भांडलोही नव्हतो.

३० ऑगस्ट, शनिवार

दुसरं इंजेक्शन झालं. समोरचा ठळक आकडा दिसतो म्हणाले, बारीक नाही. डबे मीच काढते. धोंडाबाईला भेटायला म्हणून यांना वाडीत घेऊन गेले. ओसरीवर बसून यांनी तिला सगळं खरं सांगितलं. मी सांगा म्हटलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिसत न्हाई तर चालवता कशाला, अप्पा? मेले असते की म्या." मग आत जाऊन चहा टाकला. यांनी कप धरला तेव्हा तिनं यांची बोटं कपाच्या कानाला नीट लावून दिली.

गाडीत बसल्यावर हे रडले. मी थांबवून ठेवली गाडी. बटणाचा काही प्रश्न नव्हता तेव्हा.

१० सप्टेंबर, बुधवार

एक गोष्ट कुठंतरी लिहायची आहे, ती इथंच लिहिते. मला अजून बोचतं. जून-जुलैचे ते दिवस मी सुखाचे धरले होते, आणि ते तसे नव्हते. यांना माझे डोळे हवे होते. आता मला यांचं लायसन हवंय. फिटंफाट. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे, पास झाले की तेही संपलं. मग हे गल्ल्यावर बसतील, आणि मी एकटी जाईन. यांना विचारायचं मनात येतं, नुसतं माझ्यासोबत म्हणून कधी आला असतात का? पण असलं विचारायला आमच्यात कुणी शिकवलेलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

लातूरच्या आरटीओत पास झाले. रिव्हर्स घेताना एक खांब हलला, पण पडला नाही. साहेबानं विचारलं, "कोणती गाडी चालवणार?" पिकअप म्हटल्यावर चष्मा वर करून बघितलं. यांना सांगितलं तर "चांगलं झालं" म्हणाले आणि डोळा चोळत बसले. राजशेखरनं मात्र फोनवर ओरडून घर डोक्यावर घेतलं, अंजूनंही. गाडी विकायचं आता तो काढत नाही.

उद्या मुक्तिसंग्राम दिन, मोंढा बंद. परवापासून मी एकटी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी लवकर उठले. पाऊस पडून गेला होता, रस्ता ओला. शेषेरावचं आणि पलीकडच्या दोन वाड्यांचं औषध रात्रीच भरून ठेवलं होतं. यांना उठवायचं नाही असं मी ठरवलं होतं. झोपू दे, आणि मलाही ते "येतो" किंवा "नको" काहीच ऐकायचं नव्हतं. आतल्या खोलीत डोकावलंही नाही. भाच्याकडं गल्ल्याची किल्ली देऊन बाहेर आले.

हे गाडीत बसलेले. डाव्या सीटवर, अंघोळ करून, कपाळाला विभूती, धुतलेली टोपी. मांडीवर जेवणाचा डबा. तो यांनी कसा भरला देव जाणे, झाकणाखालून पिठलं बाहेर आलेलं.

"किती उशीर? म्या कवाचा बसलोय."

मी दार धरून उभी राहिले. म्हटलं, "अहो, पक्कं लायसन मिळालं की मला. आता शेजारी कुणी लागत नाही."

"ठाऊक हाय."

"मग?"

"मग काय मग? लागत न्हाई म्हणून माणसानं बसायचंच न्हाई का?"

मला चढायला वेळ लागला. पायरी उंच आहे त्या गाडीची, आणि डोळे भरले होते. यांना ते दिसण्याचं कारण नव्हतं, पण यांनी हात पुढं केला, अंदाजानं, थोडा चुकीच्या बाजूला. मी तो धरला आणि वर चढले.